नळ तुटतो, तुकडा भिंतीतच राहतो

घरातील नळ तुटतो तो नेमका सुटीच्या दिवशी, अशी गृहस्थाश्रमी माणसांची जुनी तक्रार आहे. तिच्यात दैवापेक्षा व्यवहाराचा भाग अधिक असावा. आठवडाभर टपटपणाऱ्या नळाकडे पाहावयास कचेरीत जाणाऱ्या माणसाला सवड मिळते ती रविवारीच. मग तो पाना शोधून काढतो, जुना नळ सोडवू लागतो, नळ जागचा हलत नाही म्हणून जोर वाढवितो, आणि ‘टक्’ असा आवाज होऊन नळ एकदम हातात येतो. हातात आलेल्या त्या नळाला शेपटी नसते. बोटाच्या पेराएवढा आटेदार तुकडा टाइलच्या मागे, भिंतीत, आपल्या जागी घट्ट बसून राहिलेला असतो. नवा नळ आणून ठेवलेला असतो, पण तो बसविण्याची वाटच अडलेली असते. इमारतीचा कॉक बंद केल्यामुळे त्या रांगेतील वरच्या-खालच्या सदनिकांतील मंडळी पाणी केव्हा सुरू होणार याची चौकशी करू लागतात.

अशा वेळी हातोडी व छिन्नी घेऊन तुकडा ठोकून काढावा असे मनात येणे स्वाभाविक आहे. नुकसान होते ते बहुधा याच टप्प्यावर. तुटलेल्या तुकड्याला काहीच किंमत नाही. तो ज्यात अडकला आहे त्या एल्बोचीही दुकानातील किंमत फारशी नाही. परंतु हा एल्बो भिंतीत गाडलेला आहे. त्याच्या आतील आटे दुखावले की टाइल फोडावी लागते, गिलावा काढावा लागतो, पाईप कापून नवा एल्बो जोडावा लागतो, आणि न्हाणीघरातील जलरोधक थर तेवढ्या जागी तुटतो तो निराळाच. चारपाच वर्षांपूर्वी बसविलेल्या टाइलची तीच छटा पुन्हा बाजारात मिळत नाही, हा अनुभव तर सार्वत्रिक आहे. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर मुद्दल तुकड्यात नसून एल्बोच्या आट्यांत आहे. तुकडा वाकला, फुटला, त्याचे चार भाग झाले तरी चालेल. एल्बोचे आटे वाचले पाहिजेत. पुढील सर्व विवेचन या एकाच गोष्टीभोवती फिरणारे आहे.

बदलीच्या नोकरीत भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर याचे महत्त्व अधिकच. घर सोडताना घरमालक प्रथम न्हाणीघराच्या भिंती पाहतो, आणि अनामत रकमेचा प्रश्न तेथूनच सुरू होतो!

अर्धा इंच म्हणजे किती?

दुकानात आपण ‘अर्ध्या इंचाचा’ नळ मागतो. घरी आणून त्याच्या शेपटीवर पट्टी धरली तर ती सुमारे २१ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहूनही अधिक भरते. यात दुकानदाराची लबाडी नाही. हे नाव जुन्या लोखंडी पाईपाच्या आतील पोकळीवरून पडले आहे. आटे मात्र पाईपाच्या बाहेरच्या अंगावर पाडलेले असतात. म्हणून तुटलेल्या भागाऐवजी नवा भाग आणताना मापे सांगत बसण्यापेक्षा जुना तुकडाच पिशवीत घालून नेणे शहाणपणाचे ठरते.

आटे कसे असावेत याला पूर्वी काही धरबंध नव्हता. प्रत्येक कारखान्याची आपली रीत. इंग्लंडमधील अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांच्या कोनाचे प्रमाणित आटे सुचविले. तोच कोन पुढे ब्रिटिश पद्धतीच्या पाईपांच्या आट्यांसाठी रूढ झाला आणि भारतातील नळजोडणीही त्याच पद्धतीने चालते. दाब धरणाऱ्या पाईप-आट्यांसाठी आपल्याकडील भारतीय मानक आय. एस. ५५४ हे आहे. अर्ध्या इंचाच्या जोडणीत दर इंचाला १४ आटे असतात, एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचे अंतर १.८१४ मि.मी. आणि आट्याची खोली सुमारे १.१६ मि.मी. असते. ही शेवटची संख्या वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचा उपयोग पुढे आहे.

अमेरिकेतील आट्यांचा कोन मात्र ६० अंशांचा असतो. अर्ध्या इंचाच्या मापात तेथेही दर इंचाला १४ च आटे असल्यामुळे एक गंमत घडते. मुलाने किंवा मुलीने अमेरिकेहून हौसेने आणलेला शॉवर आपल्या पाईपावर दोन-तीन फेरे सुरळीत चढतो आणि मग अडतो. कौतुकाची वस्तू म्हणून त्यावर जोर केला जातो. परिणामी तो गळतो तरी, किंवा तुटतो तरी.

लोखंडी पाईपावरील आट्यांचा आणखी एक विशेष असा की ते निमुळते असतात. १६ मि.मी. लांबीमागे व्यास १ मि.मी. ने वाढतो. म्हणजे पाईप एक पूर्ण फेरा आत गेला की पाचर ठोकल्याप्रमाणे तो सॉकेटला सुमारे ०.११ मि.मी. अधिक ताणतो. लोखंडी सॉकेट हा ताण सोसते, किंबहुना पाणी अडते ते त्यामुळेच. प्लॅस्टिकचे सॉकेट तो सोसत नाही. काही महिन्यांनी त्याला उभी चीर जाते. अनेक नळांच्या शेपटीवरचे आटे निमुळते नसून समांतर असतात. तेथे पाणी थोपविण्याचे काम आट्यांवर गुंडाळलेली टेप किंवा सूत करते, आणि नळ कितीही आवळला तरी ते काम नळाकडून होत नाही.

तुटीचा रंग काय सांगतो

तुकडा काढण्यापूर्वी हातात आलेल्या नळाची तुटलेली कड उजेडात धरून पाहावी. ती बरेच काही सांगते, आणि पुढे कोणती रीत वापरावयाची हे त्यावरच ठरते.

कड सर्वत्र पिवळीधमक व दाणेदार दिसली तर धातू निरोगी होता आणि जोरामुळे तुटला असे समजावे. असा तुकडा मजबूत असतो. हत्याराला चांगली पकड देतो. कड तांबूस, गुलाबीसर आणि सच्छिद्र दिसली तर पितळातील जस्त पाण्याने हळूहळू झिरपून गेले आहे. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू; जस्ताचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांहून अधिक असले की हा रोग त्याला जडू शकतो. क्षारयुक्त, गरम आणि साचून राहिलेल्या पाण्यात तो बळावतो. बाहेरून क्रोमचा मुलामा झगझगीत असतो आणि आत राहतो तांब्याचा ठिसूळ सांगाडा. असा तुकडा पिरगळू लागताच भुगा होऊन तुटत जातो. कड राखाडी असेल तर ते बहुधा पितळ नव्हेच. स्वस्त ओतीव जस्त-मिश्रण आहे.

आणि कडेचा थोडा भाग काळपट, डागाळलेला व उरलेला ताजा चकचकीत असेल, तर ती चीर जुनी आहे. नळ आज तुटला हे खरे. तो मोडावयास प्रारंभ झाला होता तो बसविला त्या दिवशी.

याचे कारण मोठे साधे आहे. नळ आवळून पुरेसा घट्ट झाला, पण त्याचे तोंड बाजूला राहिले, तर ते खाली आणावे लागते. त्यासाठी कारागीर पान्याच्या दांड्यावर सगळा भार टाकून नळ आणखी अर्धा फेरा रेटतो. तोंड खाली येते, गिऱ्हाईक समाधानी होते, आणि आट्यांच्या मुळाशी केसाएवढी चीर पडते. पुढे दोनचार वर्षे बादली अडकविणे, टेकणे, मुलांनी लोंबकळणे हे सर्व त्या चिरेवर येते. आपल्याकडे टाइल व गिलावा यांच्या जाडीमुळे एल्बो भिंतीत खोल जातो आणि नळ व एल्बो यांच्यामध्ये एक्स्टेन्शनचा तुकडा घालावा लागतो. मोडतो तो पुष्कळदा नळ नसून हा एक्स्टेन्शनच.

तुकडा निघता का निघत नाही, याचीही कारणे भिंतीतच असतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या, म्हणजे जी. आय. पाईपात पितळी तुकडा असेल तर दोन भिन्न धातू पाण्याच्या सान्निध्यात येतात. त्यांतील जस्त व लोखंड आधी झिजते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आटे एकमेकांत चेपून बसतात. विंधन विहिरीचे कठीण पाणी असेल तेथे आट्यांच्या फटीत चुनखडीचा थर सिमेंटसारखा धरतो. उलट अलीकडील इमारतींत भिंतीतले पाईप सी. पी. व्ही. सी. चे असतात आणि एल्बोच्या आत पितळी आटेदार कडी बसविलेली असते. येथे गंज नसतो, पण धोका निराळा आहे. फार पिरगळले तर पितळी कडी प्लॅस्टिकमधून सुटून गरगर फिरू लागते, आणि मग तो एल्बो वाचविणे कोणाच्याच हाती राहत नाही.

आधी पाणी, मग वीज, मग पाना

सदनिकेचा किंवा इमारतीचा कॉक बंद करावा आणि घरातील सर्वांत खालचा नळ उघडून पाईपातील उरलेले पाणी निथळू द्यावे. गिझर त्याच वाहिनीवर असेल तर त्याचा विजेचा स्विच आधी बंद करावा. पाणी ओसरल्यावर कोरडा पडलेला गिझर चालू राहिला तर त्याची कॉइल जळते. ओल्या भिंतीजवळ लोखंडी हत्यारे घेऊन काम करावयाचे आहे, हेही विसरू नये. शेजाऱ्यांना किती वेळ पाणी बंद राहील ते सांगून ठेवावे. एवढ्या एका निरोपाने निम्मी धावपळ टळते, कारण अशा कामात घाईचा जोर हाच सर्वांत महाग पडतो.

काम त्याच दिवशी होणार नसेल आणि इमारतीला पाणी देणे भागच असेल, तर जुन्या प्लंबरांची लाकडी खुंटी आजही उपयोगी पडते. खुंटी निमुळती करावी, तिला कापड किंवा रबराची पट्टी गुंडाळावी आणि तुकड्याच्या भोकात हलक्या हाताने दाबावी. ती टिकेल का, अशी शंका येते. गच्चीवरील टाकी १० मीटर उंच असेल तर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो, १५ मि.मी. व्यासाच्या भोकाचे क्षेत्रफळ पावणेदोन चौरस सेंटिमीटर. म्हणजे खुंटीला थोपवावयाचे वजन जेमतेम पावणेदोन किलो. रात्रभरापुरती ती टिकते. मात्र पंपाच्या दाबावर चालणाऱ्या वाहिनीत तिच्यावर विसंबू नये, आणि हातोडीने ठोकू तर मुळीच नये. ठोकलेली खुंटी तुकड्याला आतून फुगविते आणि तो अधिकच घट्ट बसतो.

तुकडा काढण्याच्या रीती

भिंतीकडे तोंड करून उभे राहिल्यास सोडविण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल. पण आरशाखाली वाकून, मान तिरपी करून काम करताना भल्याभल्यांची दिशा चुकते आणि तुकडा आणखी आत जातो.

तुकड्याचा थोडा भाग भिंतीबाहेर आला असेल तर नशीब चांगले. पाईप पान्याने त्याला धरावे. अमेरिकन कारागीर डॅनियल स्टिलसन यांनी १८६९ मध्ये ज्याचे पेटंट घेतले त्या पान्याची जबड्याची रचना आजही तशीच आहे: जितका जोर द्यावा तितकी त्याची पकड आवळत जाते. हा गुण पोकळ, पातळ तुकड्याच्या बाबतीत दोष ठरतो, कारण तुकडा चेपून तुटतो. आत घट्ट बसेल अशी गोल सळईची किंवा बोल्टची फोड घालून मग पाना लावावा. जोर धक्क्याने देऊ नये. सावकाश वाढवीत न्यावा. थोडे सैल, थोडे घट्ट असे मागेपुढे केल्याने चुनखडीचा थर तुटतो.

तुकडा भिंतीच्या आतच तुटला असेल तर ‘एक्स्ट्रॅक्टर’ नावाचे हत्यार लागते. हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या व पाऊण इंचासाठी ते मिळते. निमुळता पोलादी दांडा, त्यावर तीक्ष्ण कडा किंवा डाव्या वळणाच्या खोबणी, आणि मागे पाना लावण्यास चौकोनी डोके, एवढेच त्याचे रूप. ते तुकड्याच्या भोकात घालून हातोडीने एकदोन हलके ठोके द्यावेत आणि पान्याने डावीकडे फिरवावे. फिरविताना त्याच्या कडा धातूत रुततात आणि तुकड्याला बरोबर घेऊन येतात. निरोगी पितळाचा तुकडा याने बहुतेक वेळा दोन मिनिटांत बाहेर येतो. तथापि हे हत्यारही शेवटी पाचरच आहे. तुकड्याची भिंत पातळ, चिरलेली किंवा गुलाबी पडलेली असेल तर तो फुगतो आणि एल्बोला आतून आवळतो. दोन प्रयत्नांत तुकडा हलला नाही तर तिसऱ्यांदा ठोकण्यापूर्वी थांबणे बरे.

थांबण्याच्या काळात रासायनिक मदत घेता येते. लोखंडी सॉकेट असेल तर गंज सोडविणारे तेल, ते नसल्यास केरोसिन, आट्यांच्या फटीवर थेंबथेंब सोडून रात्रभर तसेच ठेवावे. चुनखडी दिसत असेल तर व्हिनेगरमध्ये भिजविलेला कापूस काही तास दाबून ठेवावा. फरशी धुण्याचे तीव्र ॲसिड मात्र वापरू नये. ते आधी जी. आय. पाईपाचा जस्ताचा थर खाते. सी. पी. व्ही. सी. पाईपाच्या घरात तेल व केरोसिन दोन्ही वर्ज्य समजावेत, कारण खनिज तेलांच्या संपर्काने हे प्लॅस्टिक ताणाच्या जागी तडकू शकते. ही तडक भिंतीत जाते आणि काही दिवसांनी ओलीच्या रूपाने दर्शन देते.

काही कारागीर ज्योतीने तुकडा तापवितात. पितळ उष्णतेने पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते, म्हणून लोखंडी सॉकेटातील पितळी तुकडा तापविताना उलट घट्ट होतो. जो काही फायदा व्हावयाचा तो थंड झाल्यावर, आकुंचनाने गंजाची पकड सुटली तर. सी. पी. व्ही. सी. पाईपाची मर्यादाच सुमारे ९३ अंश सेल्सिअस आहे. ज्योतीपुढे तो मऊ पडणारच. शिवाय टाइलचा मुलामा तडकतो. राहत्या घरातील न्हाणीघरात ज्योत न आणणे हेच श्रेयस्कर.

राहिली शेवटची आणि सर्वांत खात्रीची रीत: तुकडा आतून कापणे. ही रीत वेळ घेते, पण हॅकसॉचे एक पाते, छोटी छिन्नी आणि विजेरी एवढ्याच साहित्यात होते. पात्याला एका टोकाशी कापड गुंडाळून मूठ करावी आणि दाते बाहेरच्या बाजूस ठेवून ते तुकड्याच्या भोकात घालावे. पुढेमागे करीत तुकड्याच्या भिंतीत एक उभी खाच पाडावी. तिच्यापासून बोटभर अंतरावर दुसरी. दोन खाचांमधला पट्टा छिन्नीने आतल्या बाजूस, म्हणजे पोकळीच्या दिशेने वाकवून सोडविला की तुकड्याचा गोल आकार तुटतो, त्याची पकड ढिली होते आणि उरलेला भाग पक्कडीने चुरगळून बाहेर निघतो. छिन्नीचे तोंड कधीही एल्बोच्या भिंतीकडे असू नये.

येथेच ती १.१६ मि.मी. ची खोली कामास येते. कापताना कोठे थांबावयाचे? खाच दर काही घासांनंतर विजेरीने पाहावी. पाते जसजसे खोल जाते तसतसे खाचेच्या तळाशी आडव्या बारीक रेघा दिसू लागतात: जुन्या टेपचा पांढरा तंतू, सुताचा धागा किंवा गंजाची तपकिरी रेघ, आणि तिच्यामध्ये तुकड्याच्या धातूची चमक. या रेघा म्हणजे एल्बोच्या आट्यांचे शेंडे उघडे पडले. आता तुकड्याचा जो धातू उरला आहे तो केवळ आट्यांच्या खोबणीत आहे, आणि पात्यापाशी चूक करावयास जागा मिलिमीटरभरच उरली आहे. येथे थांबावे. अखंड चमकती रेघ होईपर्यंत कापीत गेल्यास पाते एल्बोच्या आट्यांत शिरते. एखादा ओरखडा आला तर टेप तो झाकून घेते. आट्यांना आरपार छेदणारी खाच मात्र पाण्याला कायमची पायवाट करून देते.

प्लॅस्टिकचा तुकडा असेल तर हेच काम चारपाच मिनिटांत होते. चपटा स्क्रू ड्रायव्हर तापवून प्लॅस्टिकमध्ये रुतवावा, थंड होऊ द्यावा आणि मग फिरवावा, अशीही युक्ती करतात. तापलेल्या पी. व्ही. सी. चा धूर घशाला व डोळ्यांना झोंबणारा व अपायकारक असतो, त्यामुळे बंद न्हाणीघरात करवतच बरी.

यातील कोणतीही रीत चालू असताना एका गोष्टीवर नजर ठेवावी. तुकड्याबरोबर भिंतीतील एल्बोही फिरतो आहे असे दिसले, टाइलच्या भोकाकडील सिमेंट सुटू लागले, किंवा सी. पी. व्ही. सी. एल्बोतील पितळी कडी हलू लागली, तर तत्क्षणी हात आवरावा. एल्बो फिरला म्हणजे त्याच्या मागचा, भिंतीतील न दिसणारा जोड पिळवटला गेला. आता टाइल फोडणे अपरिहार्य आहे, आणि ती जाणत्या प्लंबरकडून आजच फोडून घेणे स्वस्त आहे. तशा अवस्थेत नवा नळ बसविता येतो, तो बाहेरून गळतही नाही, आणि घरातील सर्वांना काम फत्ते झाल्याचा आनंद होतो. महिन्याभराने खालच्या मजल्यावरील गृहस्थ आपल्या छतावरचा डाग दाखवावयास येतात. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक बाह्य नळवाहिनीच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते. सदनिकेच्या आतील गळतीचा खर्च सदस्याचा. दर सेकंदाला एक थेंब, २० थेंबांचा एक मिलिलिटर असा हिशेब धरला तरी दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी होते. भिंतीत रोज एवढे पाणी मुरत राहिल्यावर शेजारधर्माची काय अवस्था होते, हे सांगावयास नको.

नवा नळ बसविताना

तुकडा निघाल्यावर एल्बोचे आटे जुन्या दातांच्या ब्रशने स्वच्छ करावेत. खोबणीत राहिलेले पितळाचे कण टोकदार सळईने काढावेत. आटे थोडे चेपले असतील तर प्लंबरजवळ असलेला आटे पाडण्याचा टॅप हाताने एकदा फिरवून घ्यावा. नंतर बादली धरून मुख्य कॉक क्षणभर उघडावा. करवतीचा चुरा बाहेर पडला नाही तर तो नव्या नळाच्या आत जाऊन बसतो.

आट्यांवर पूर्वी सूत व सफेदा लावीत. सफेदा शिशाचा असे, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीवर तो आता वापरू नये. आता सर्वत्र टेप चालते ती टेफ्लॉनची. हा पदार्थ १९३८ मध्ये अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीतील रॉय प्लंकेट यांना दुसऱ्याच एका प्रयोगात अकल्पितपणे सापडला. टेप आवळण्याच्या दिशेने, म्हणजे आट्यांचे टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, ताणून गुंडाळावी. उलट गुंडाळलेली टेप नळ फिरविताना सुटून गोळा होते. टेप पातळ असेल तर दहाबारा वेढे लागतात. पहिला आटा मोकळा ठेवावा.

नळ आधी हातानेच फिरवावा. हाताने तो तीनचार फेरे सहज जावयास हवा; पहिल्याच फेऱ्यात अडला तर आटे वाकडे लागले आहेत. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एक, फार तर दोन फेरे. प्लॅस्टिकच्या एल्बोत एकच. तोंड खाली येण्यास अर्धा फेरा कमी पडत असेल तर रेटू नये. जास्त गेला म्हणून मागेही फिरवू नये. टेप एकदा चेपली की मागे फिरविल्यावर पुन्हा पाणी धरत नाही. नळ पूर्ण काढावा, जुनी टेप खरवडून टाकावी आणि दोनतीन वेढे कमीअधिक करून पुन्हा बसवावा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी तोंड आपोआप जागेवर येते. कारागीर हे करीत नाही, कारण त्याला पुढच्या घरी जावयाचे असते. घरच्या माणसाने त्याला दहा मिनिटे अधिक द्यावीत आणि चहा विचारावा.

भिंतीवरील भोक झाकणारी चकचकीत चकती लगेच भिंतीला टेकवू नये. ती नळाकडे मागे ओढून ठेवावी, म्हणजे जोड उघडा दिसतो. कॉक सावकाश उघडावा, जोडाभोवती कोरडे बोट फिरवून पाहावे आणि रात्री नळाखाली, भिंतीला लागून, वर्तमानपत्राचा एक कागद पसरून ठेवावा. सकाळी कागद कोरडा असला की चकती भिंतीपर्यंत सरकवावी.